घोड्याचा मागचा पाय

४ फेब्रुवारी

पत्र आलं. संग्रहालयाला बाबांच्या तिन्ही वह्या हव्या आहेत, कायमच्या. नव्या दालनात काचेखाली ठेवणार आणि दारावर बाबांचं नाव लावणार. शाळेतून निवृत्त होताना मिळालेल्या या डायरीत आजवर फक्त दवाखान्याच्या तारखा लिहिल्या होत्या. आज म्हटलं, आता लिहिण्यासारखं काहीतरी घडतंय.

बासष्ट वर्षांपूर्वी, म्हणजे माझ्या जन्माच्याही चार वर्षं आधी, बाबा तिथे रेखाटनकार होते. प्राचीन संगमरवरी शिल्पं एकेक करून पेन्सिलीने वहीत उतरवायची आणि शेजारी मापं लिहायची, हे काम. पुढे मोठ्या दालनाचं छत कोसळलं आणि निम्म्या शिल्पांचा चुरा झाला. ज्या कपाटात फोटो होते, ते कपाटही त्याच छताखाली गेलं. राहिल्या त्या बाबांच्या वह्या. आता संग्रहालय वाचलेला घोडा उभा करतंय. त्याचा मागचा एक पाय गेलाय, तो बाबांच्या तिसऱ्या वहीतलं एकोणिसावं पान बघून प्लास्टरचा करणार आहेत. पत्रासोबत त्या पानाचा फोटोही आहे. गेल्या महिन्यात त्यांचा माणूस घरी येऊन काढून गेला होता तोच.

मी पत्र मोठ्याने वाचून दाखवलं. आत्या तेव्हा कात्रीशी झगडत होती. औषधाची पट्टी कापायची होती आणि नेहमीप्रमाणे कात्री तिचं ऐकत नव्हती. या घरात एकही कात्री धड नाही, असं ती गेली तीस वर्षं म्हणते आहे. मी त्याच कात्रीने पट्टी कापून दिली. मग तिने फोटोकडे बघितलं आणि म्हणाली, "मागचा पाय चुकलाय."

बास. एवढंच. भावाच्या नावाचं दालन होतंय, आणि हिला चुकलेला पाय दिसला. चौऱ्याऐंशी वर्षांची झाली तरी जीभ तशीच. मी पत्र घडी करून ठेवून दिलं.

७ फेब्रुवारी

मी वह्या घेऊन संग्रहालयात गेले. लहानपणी वह्यांच्या पेटीला हात लावला तर आई ओरडायची, त्यामुळे आज ती मांडीवर घेऊन बसमध्ये बसले, दोन्ही हातांनी घट्ट धरून.

तिथे वह्या तपासायला एक तरुण बाई नेमली आहे. हातात पांढरे मोजे, डोळ्याला भिंग. मी मनातल्या मनात तिचं नाव भिंगवाली ठेवलं. पहिल्या पानावर तिने पाऊण तास काढला. मला वाटलं, भारावून गेली असेल. तर मान वर करून विचारते, "मॅडम, तुमचे वडील डावखुरे होते का?"

मी म्हटलं, नाही. उजव्या हाताने लिहायचे, आणि अक्षर असं की लोक पत्रिका लिहून घ्यायला यायचे. ते अक्षर तर जवळजवळ प्रत्येक पानावर आहे, बघा की.

अक्षर त्यांचंच आहे, म्हणाली. पण छायेच्या तिरक्या रेघा उलट्या पडल्या आहेत. उजव्या हाताची रेघ डावीकडून उजवीकडे वर चढते, इथे सगळ्या उजवीकडून डावीकडे चढतात. लिहिणारा हात आणि काढणारा हात वेगळा असावा. तसं असेल तर पाटीवर 'चित्रकार अज्ञात' लिहावं लागेल.

अज्ञात! मी चौतीस वर्षं मुलांना चित्रकला शिकवली. रेघ कुठून कुठे जाते ते मला सांगणारी ही कोण? मी तिला स्पष्ट सांगितलं की माझे वडील अज्ञात नव्हते, आणि पाटीवर त्यांचं नाव लागल्याशिवाय दानपत्रावर सही होणार नाही. दानपत्र पर्समध्ये घालून परत आले. वह्या तपासणीपुरत्या तिथेच राहिल्यात.

१२ फेब्रुवारी

सिद्ध करायचं ठरवलं आहे. चित्रकार कागद फिरवून घेतो, हे पाचवीतल्या पोरालाही ठाऊक असतं. कागद आडवा केला की उजव्या हाताची रेघ उलटी दिसते. मी देण्याआधी फोनवर काढून ठेवलेला पहिल्या वहीतल्या सातव्या पानाचा फोटो समोर ठेवला (हात तुटलेला पहिलवान, बाबांचं सगळ्यात देखणं चित्र) आणि तसंच करून बघितलं. दिवाणखान्यातल्या टेबलावर सकाळपासून दुपारपर्यंत बसले.

रेघा जमल्या. उलट्या पडल्या, अगदी हव्या तशा. झालं, निकाल लागला.

डायरीशी खोटं बोलण्यात अर्थ नाही म्हणून लिहिते. कागद फिरवला की माझं मनगट बरोबर मापं लिहिलेल्या जागेवर येत होतं. सगळे आकडे पुसट झाले. बाबांच्या पानावर आकडे लख्ख आहेत. पण बाबा नीटनेटके होते, मी गबाळी आहे, हेही असेल.

आत्या बटाटे सोलत शेजारी बसली होती. तिचं सोलणं बघवत नाही, सुरी स्वतःपासून लांब, उलट्या बाजूने चालते. एकदा माझ्या चित्राकडे बघून म्हणाली, "खांद्याला फार घासलंस. दगड आहे तो, उशी नव्हे."

वर म्हणे, जेवढं दिसतं तेवढंच काढावं. हे तर बाबांचं वाक्य! चित्रकलेच्या परीक्षेला जाताना बाबा मला हेच सांगायचे. हिने तेही आपलंसं केलं.

१३ फेब्रुवारी

धाकट्याचा फोन. भाऊ माझा, पण बोलतो असा की मीच त्याच्या हाताखाली आहे. उद्घाटनाला किती खुर्च्या राखीव मिळतील ते विचार, म्हणाला. मी भिंगवालीचं सांगितलं तर हसला. "ताई, बाबांनी आपल्याला साधं मांजर कधी काढून दिलं नाही, इतके कडक होते. असल्या माणसाच्या कामात खोट निघेल का?"

खरंच. मी पण पाटी घेऊन बाबांच्या मागे लागायचे, आणि बाबा म्हणायचे, आत्याकडे जा. वेळ नसायचा त्यांना.

२० फेब्रुवारी

घोडा बघून आले. संग्रहालयाच्या मागच्या कामाच्या खोलीत लाकडी टेकूंवर उभा आहे. मान वळवलेली, नाकपुड्या फुगलेल्या, आणि मागे पांढराशुभ्र नवा पाय. जवळ जाऊन त्याच्या मानेवर हात ठेवला. गार लागला. बाबा इथेच उभे राहिले असतील असं मनात आलं आणि डोळे भरून आले.

पाय करणारा साचेकार मात्र वैतागला होता. चित्रात आहे तसाच केलाय बाई, म्हणाला, तसूभर इकडेतिकडे नाही. पण टेकू काढला की घोडा कलतो. खूर सपाट टेकवला की सगळं वजन चुकीच्या जागी येतं. मापं असती तर कळलं असतं, पण नेमकी त्याच पानावर मापं नाहीत.

मला ते माहीत होतं. एकोणिसाव्या पानावर मापं नाहीत आणि त्यापुढच्या पानांवर नुसती मापंच आहेत, चित्राची जागा कोरी. बाबांची तब्येत बिघडली असणार तेव्हा. त्यानंतर त्यांनी स्वतःहून कारकुनीत बदली मागून घेतली आणि निवृत्त होईपर्यंत फायलींवर क्रमांक घातले.

जेवताना आत्याला घोडा कलतो ते सांगितलं. तिचा घास हातात राहिला. "खूर टेकवला असेल त्यांनी. तो टेकलेला नव्हताच. नुसतं टोक लागलेलं होतं जमिनीला. पाऊल उचलायच्या बेतात होता तो."

माझा तोल गेला. मी म्हटलं, तू डबा घेऊन जायचीस तिथे, आत्या. डबा. बाबा दिवसदिवस उभे राहून काम करायचे आणि तू डबा ठेवून परत यायचीस. तुला काय कळतंय खुरातलं?

ती उठली, ताट विसळलं आणि खोलीत गेली. मला वाईट वाटलं. पण माफी मागितली नाही. बाबांच्या बाजूने घरातही कुणी उभं राहू नये म्हणजे काय?

२१ फेब्रुवारी

आत्या बोलत नाही. चहा केला, घेतला नाही. नंतर स्वतःचा स्वतः केला आणि माझ्यासमोर बसून प्यायली.

२५ फेब्रुवारी

आज अक्षर कसंही येतंय.

सकाळी भिंगवालीने बोलावलं. मी माझं पहिलवानाचं चित्र गुंडाळून भांडायच्या तयारीने गेले. ती भांडली नाही. एकोणिसावं पान समोर ठेवलं, भिंग माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "तुम्हीच बघा. मी काही बोलत नाही."

मी मानेपासून सुरुवात केली. मान, छाती, पोट, पुढचे पाय, सगळ्या रेघा उलट्या. सराईत, एकदाही न अडखळलेल्या. मग मागच्या पायावर आले. गुडघ्याच्या खाली रेघांची दिशाच बदलली. सुलट. माझ्यासारख्या, शाळेतल्या सगळ्या मुलांसारख्या. आणि भित्र्या. एका रेघेवर तीनतीनदा गिरवलेलं, पोटरीचा फुगवटा चुकलेला, खूर इस्त्रीसारखा सपाट. चौतीस वर्षं मी असल्या पायांना दहापैकी चार गुण दिले.

तिन्ही वह्यांत उजव्या हाताने काढलेलं एवढंच आहे, भिंगवाली म्हणाली. आणि नेमकं तेवढंच चुकलंय.

बसमध्ये मला एकेक गोष्ट आठवत गेली आणि कानशिलं तापत गेली. कात्री. बटाटे. दगड आहे तो, उशी नव्हे. आत्याकडे जा.

घरी आले तर ती खिडकीपाशी शेंगा निवडत होती. मी चपलाही न काढता तिच्यासमोर बसले आणि तिचे हात बघत राहिले. तीस वर्षं एका घरात राहून मी ते कधी बघितले नव्हते. लिहिते उजव्याने, जेवते उजव्याने. बाकी सगळं डाव्याने.

"शाळेत बांधून ठेवायचे डावा," ती म्हणाली, मी काही विचारायच्या आधीच. "लिहायपुरता सुधारला. बाकीचा नाही सुधारला."

मग तिने सांगितलं, शेंगा निवडता निवडता, जणू शेजारणीची गोष्ट. उघड्या अंगाच्या पुतळ्यांसमोर बाईने चित्र काढायला बसायचं नाही, असा तिथला नियम. बघत बघत पुढे जायला हरकत नव्हती, बसायला होती. बाबांना नोकरी अक्षरावर मिळाली होती. हातपाय काढणं त्यांना कधी जमलंच नाही. दुपारी पहारेकरी जेवायला गेला की आत्या डबा घेऊन आत जायची. पाऊण तास बाबा दाराशी पहारा करायचे आणि ती काढायची. रोज पाऊण तास, दोन वर्षं. उरलेला दिवस बाबा मापं घ्यायचे. डबा ते घरी येऊन खायचे, गार झालेला.

घोड्याच्या वेळी पहारेकरी लवकर परतला. मागचा पाय तेवढा राहिला होता. पहारेकऱ्याला नीट काही दिसलं नाही, पण त्या दिवसापासून डबा फाटकावरच ठेवून घ्यायला लागले. पान अर्धवट दिसलं तर प्रश्न येणार, म्हणून बाबांनी पाय स्वतः घाईघाईत पुरा केला, त्यात त्या पानाची मापं राहूनच गेली. पुढे महिनाभर नुसती मापं लिहिली. मग बदली मागितली.

मी विचारलं, इतकी वर्षं बोलली का नाहीस?

"विचारलं कुणी?"

नंतर म्हणाली, "मला नाव नको. पण तो पाय नीट करा. घोडा पडेल."

मी तिची माफी मागितली. तिने निवडलेल्या शेंगांची परात माझ्या हातात दिली आणि म्हणाली, कुकर लाव.

२६ फेब्रुवारी

धाकट्याला फोनवर सगळं सांगितलं. चिडला. बाबांना मेल्यावर चोर ठरवतेस का, म्हणाला. मी म्हटलं, चोर नाही, अर्धे. अर्धं काम त्यांचं आहे आणि ते अर्धं चोख आहे. पण चित्रं आत्याची आहेत, आणि ती जिवंत आहे, आणि पुढच्या खोलीत बसून माझ्या भाजीला नावं ठेवते आहे. दालन तिच्या नावाचं झालं पाहिजे, नाहीतर मी वह्या परत आणीन आणि त्याच पेटीत ठेवीन. कुणालाही बोलाव, मी ऐकणार नाही.

तो आधी धुसफुसला. मग म्हणाला, "मला पण मांजर आत्यानेच काढून दिलं होतं." आणि फोन ठेवला.

२ मार्च

संचालकांकडे गेले. शांत माणूस, मुद्दाम हळू बोलतो. निमंत्रणपत्रिका छापून झाल्यात, म्हणाला. बाबांचं नाव बदलता येणार नाही. पण आत्याबाईंचा मान राखायचा म्हणून खाली बारीक अक्षरात 'साहाय्य: भगिनी' असं घालता येईल.

मी विचारलं, साहाय्य कशात? डब्यात?

त्याने पाणी मागवलं. मी प्यायले नाही. म्हटलं, ज्या इमारतीने तिला बसू दिलं नाही तिने निदान उभं राहून तिचं नाव नीट लिहावं. त्यावर तो म्हणाला की पुरावा म्हणजे एका वृद्ध बाईची आठवण आणि रेघांचा उतार, एवढ्यावर संस्था निर्णय घेत नसते. वर हेही म्हणाला की पाय झालेला आहे, आता त्यात बदल नाही.

भिंगवाली माझ्या शेजारी उभी होती. तिने खाली बघत, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं की तिच्या अहवालात ती 'साहाय्य' हा शब्द लिहिणार नाही. मी या मुलीला महिनाभर नावं ठेवली. घरी येताना भीतीही वाटली. सगळं हातचं घालवून बसले तर? आत्याचं नावही नाही आणि बाबांचंही नाही, असं व्हायचं. पण मागे फिरायचं नाही.

आत्याला म्हटलं, तुला तिथे यावं लागेल. म्हणाली, बासष्ट वर्षांनी बोलावताय होय. कुठलं पातळ नेसू?

९ मार्च

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहून ठेवते.

संग्रहालयाच्या फाटकावर आत्या थांबली. डबा इथे ठेवून घ्यायचे, म्हणाली, आणि काठी टेकत आत गेली. चाकांची खुर्ची आणली होती, तिच्याकडे बघितलंही नाही.

कामाच्या खोलीत साचेकार, भिंगवाली आणि संचालक होते. संचालक आला कारण सही अजून व्हायची होती. आत्या घोड्यापाशी गेली. आधी तिने मान बघितली, मग भोवती एक फेरी मारली, आणि नव्या पायापाशी आल्यावर नुसता च् असा आवाज केला. साचेकाराचा चेहरा पडला. मग तिने वही मागितली.

भिंगवालीने एकोणिसावं पान उघडून ठेवलं आणि शेजारी कोरा कागद व पेन्सिल. आजी, या कागदावर पाय काढून दाखवा, म्हणाली.

"कोऱ्या कागदावर माझं काही चुकलेलं नाही," आत्या म्हणाली. "चूक या पानावर आहे." आणि पेन्सिल डाव्या हातात घेतली.

संचालक पुढे झाला. मूळ पानाला कुणी हात लावू शकत नाही, संग्रहालयाची वस्तू आहे, असं काहीतरी बोलायला लागला. मी पर्समधून दानपत्र काढून त्याच्यासमोर धरलं. बिनसहीचं.

"वही अजून आमच्या घरची आहे," मी म्हटलं. "आणि ज्या बाईने ती काढली ती आपलं राहिलेलं काम पुरं करते आहे."

भिंगवालीने पानाच्या कडेवरचा आपला हात उचलून घेतला आणि एक पाऊल मागे सरकली.

आत्याने पेन्सिल कागदाला टेकवली. मी खोडरबर पुढे केलं, ते तिने बाजूला सारलं. "त्याचा राहू दे. भीत भीत काढलाय बिचाऱ्याने." बाबांच्या पायावरूनच तिने आपला पाय काढला. गुडघ्यापासून खाली एक लांब रेघ, मग पोटरी, मग उलट्या तिरक्या रेघा, भराभर, मानेवर आहेत अगदी तशाच. सगळ्यात शेवटी खूर. टाच उचललेली, नुसतं टोक जमिनीला. पाच मिनिटंही लागली नसतील.

साचेकार तिच्या खांद्यावरून वाकून बघत होता. त्याने पानाकडे बघितलं, घोड्याकडे बघितलं, पुन्हा पानाकडे. "आता उभा राहील," म्हणाला. मग कोपऱ्यातून हातोडी आणली आणि संचालकाच्या देखत स्वतः केलेला पांढरा पाय दोन घावांत फोडून टाकला.

संचालकाने कपाळावरचा घाम पुसला. तो पानातल्या जुन्या रेघा आणि नव्या रेघा बराच वेळ बघत राहिला. मग मला म्हणाला, पत्रिका पुन्हा छापू. दोघांची नावं, आधी बहिणीचं. मी पेन काढलं आणि त्याच्यासमोर दानपत्रावर सही केली.

भिंगवालीने नोंदवही उघडली आणि उभ्याउभ्याच लिहिलं: 'पान १९. घोडा. मागचा पाय दोनदा काढलेला. खालचा भावाचा, वरचा बहिणीचा. वरचा ग्राह्य.'

आत्याने भिंग मागून घेतलं आणि ते तीनदा वाचलं. डोळे पुसले. मग नोंदवही परत करत म्हणाली, बरोबर लिहिलंयस पोरी. पण दादाचं अक्षर याहून चांगलं होतं.